ही खेळण्यातली गाडी नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या विषयापुढे 'टॉय ट्रेन' असं छापलंय. छापणाऱ्यावर माझा राग नाही, माथेरानच्या गाडीला सगळेच तसं म्हणतात. पण आज मी त्या शब्दाशीच भांडायला आलोय. खेळणं म्हटलं की मोठ्या माणसाला वाटतं, हे पोराटोरांचं, आपण आपला मोबाइल काढावा. आणि पोरांचं बघाल तर सहा वर्षांचं मूल नेरळला इंजिनाजवळ गेलं की आधी एक पाऊल मागे सरतं. खेळण्यासमोर कुणी मागे सरत नाही. त्या मुलाला कळलेलं असतं की हे जड आहे, गरम आहे आणि कामाला लागलेलं आहे. जुन्या, जपून ठेवलेल्या गाड्या, म्हणजे वारसा-रेल्वे, सगळ्या वयांच्या माणसांना कशा भावतील, हा आजचा विषय. त्या चालवणाऱ्यांनी एवढं जपलं तरी पुष्कळ झालं, असं माझं मत.

मी कर्जत तालुक्यात गणित शिकवायचो. दर हिवाळ्यात सहल माथेरानला, म्हणजे 'या वर्षी कुठे?' हा प्रश्नच नसायचा. नेरळ ते माथेरान जेमतेम एकवीस किलोमीटर, आणि त्याला अडीच तासांच्या आसपास लागतात. चाळीस मुलं, अडीच तास, आणि खिडकीबाहेर झाडं. पहिली वीस मिनिटं आनंद असतो, मग डबे उघडतात, मग भांडणं. त्या भांडणांनीच मला विचार करायला लावलं, खोटं कशाला बोलू.

मग मी गाडीतच गणित घ्यायला लागलो. आपल्या बोरघाटाचा चढ 1:37. म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. तेवढ्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात, हे आपल्याकडच्या पोरांना पाळण्यातच ठाऊक असतं. माथेरानच्या वाटेवर चढ काही ठिकाणी 1:20 आहे. 'मग इथे बँकर का नाही?' हा प्रश्न मी विचारत नसे, वाट बघत असे. जुम्मापट्टी स्टेशन यायच्या आत कुणीतरी विचारायचंच. मग डब्यांची संख्या मोजायची, रुळांमधलं अंतर बघायचं. मोठ्या लाइनचं 1676 मिलिमीटर, हिचं 610, म्हणजे दोन फूट. अरुंद गाडी, हलके डबे, मोजकेच डबे. डोंगर फोडावा लागत नाही, डोंगराच्या कलानं वळत जाता येतं, आणि पैसाही कमी लागतो. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाइन 1904 ते 1907 मध्ये बांधली, वडील सर आदमजी यांनी पैसा उभा केला, खर्च आला सोळा लाख. तेव्हाचे सोळा लाख! एका मुंबईकर कुटुंबानं आपल्या खिशातून डोंगरावर रेल्वे चढवली, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगत नाही, आणि वाटेतल्या बोगद्याचं 'वन किस टनेल' हे नाव मात्र सांगतो.

एकदा एका मुलीनं विचारलं, 'सर, वळणावर ही का ओरडते?' मला उत्तर येत नव्हतं. नेरळच्या शेडमधल्या एका जुन्या माणसाकडे गेलो, त्यानं बिडी विझवून समजावलं. दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असतात, त्यामुळे दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर बाहेरच्या चाकाची वाट लांब, आतल्याची आखूड. साध्या वळणावर हा हिशोब चाकाच्या उतारातच भागतो, कारण चाक आतल्या अंगाला जाड आणि बाहेरच्या अंगाला बारीक असतं. पण इथल्या वळणांवर तेवढ्यानं भागत नाही. मग चाक रुळावर घसरतं, आणि ती घसरण आपल्याला ऐकू येते. जुन्या वाफेच्या इंजिनांत यावर तोड काढलेली होती. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बनवलेली ती इंजिनं, त्यांच्या टोकाच्या चाकांचे आस पोकळ होते. आतला गाभा सरळ राहायचा आणि चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकायची. त्यातलं एक इंजिन नेरळला उभं करून ठेवलंय. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. खाली वाकून चाकं बघणारा माणूस मला क्वचितच दिसला, कारण खाली बघा असं कुणी सांगतच नाही.

आता इथे माझं थोडं कडवट मत. हल्ली डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप द्यायची टूम निघाली आहे. मला त्यातला भाव कळतो, पण मुलं हे सोंग दोन मिनिटांत ओळखतात. विस्तव कुठाय, कोळसा कुठाय, पाणी कुठून भरतात? पाण्यावरून आठवलं, वाटेत वॉटर पाइप नावाचं स्टेशन आहे. वाफेच्या इंजिनांना चढावर तहान लागायची. डिझेलला ती तहान नाही, पण स्टेशन आहे, नाव आहे. त्या नावावर दहा मिनिटं बोलता येतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

खरं काम लोकांना दिसू देणं तमिळनाडूतल्या निलगिरी रेल्वेला बरं जमलंय, असं मला तिथे गेल्यावर वाटलं. कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी असते, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं, आणि इंजिन डब्यांच्या खालच्या बाजूला राहून ढकलतं. डबे मागे घरंगळले तरी इंजिन आडवं उभं असावं म्हणून. डब्याच्या पुढच्या ओट्यावर ब्रेकमन उभा असतो. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांनी अख्ख्या प्रवासात दरी बघितली नाही, त्या ब्रेकमनचे हात बघितले. काम करणारा माणूस दिसला की वयाचा प्रश्नच उरत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं काय करायचं, असं मला विचारतात. पायरी बुटकी करा, सावलीला बाक ठेवा, स्वच्छतागृह जवळ ठेवा. हे झालं की त्यांना मुलांमध्ये बसवा, आपलं काम संपलं. एका सहलीत शेजारच्या डब्यात एक आजोबा होते, त्यांनी वाफेच्या काळात याच गाडीनं प्रवास केला होता. डोळ्यात कोळशाचे कण जायचे, आई पदराच्या टोकानं काढायची, हे त्यांनी सांगितलं आणि माझी चाळीस मुलं गप्प.

सगळ्यात अवघड वय पंधरा ते पंचवीस. त्यांना माहिती नको असते, त्यांना काम हवं असतं. इथे मला वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेची गोष्ट सांगायची आहे. छपराच्या पाट्यांचा दगड वाहून नेणारी ती छोटी लाइन. खाण बंद पडली, 1950 मध्ये मालक वारले. तेव्हा टॉम रोल्ट यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली, आणि मे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालवून दाखवली. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, ज्याला जे जमेल ते त्यानं केलं. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. शिवाय 1984 पासून तिथे दर वर्षी शर्यत होते, माणसं विरुद्ध गाडी. शेतांतून, चिखलातून धावत गाडीच्या आधी परत यायचं. धावणारा तरुण, आणि डब्यात बसून त्याला ओरडून धीर देणारी त्याची आजी. दोघांचंही तिकीट वसूल.

आपल्याकडे गाडी सरकारी, सुरक्षेचे नियम कडक, आणि ते कडकच असावेत. ब्रेकवर हौशी माणूस नको. पण अमन लॉजला, म्हणजे दस्तुरीजवळच्या स्टेशनात, उभं राहून लोकांना चार गोष्टी सांगायला कुठला नियम आडवा येतो? बहुतेक पर्यटक दस्तुरीपर्यंत मोटारीनं येतात, कारण पुढे मोटारींना बंदी आहे, आणि तिथून माथेरानपर्यंतची शटल पकडतात. छोटासा प्रवास. शुद्ध वारसावाले या शटलला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. लोकांचा पहिला परिचय तिथेच होतो, आणि पावसाळ्यात वरचा भाग तेवढा चालू असतो. त्या छोट्या प्रवासात कुणी सांगितलं की 'खाली अजून दोन तासांची वाट आहे', तर दहातला एखादा पुढच्या वेळी नेरळहून येईल.

पावसाचं एवढं एकच बोलतो. जुलै 2005 मध्ये लाइन वाहून गेली, 2007 मध्ये परत सुरू झाली. 2019 च्या पावसानं पुन्हा तेच, आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. त्या तीन वर्षांत दगडांच्या जाळीदार भिंती उभ्या राहिल्या, कठडे लागले. आपण वर्तमानपत्रात फक्त 'गाडी बंद' वाचलं. ते काम लांबून, दोरीच्या अलीकडून दाखवलं असतं तर मी माझी मुलं गाडी नसतानाही नेली असती. सह्याद्रीचा पाऊस काय करतो हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या उघड्या पडलेल्या मातीत जास्त चांगलं दिसतं.

बरं, घड्याळ मला दिसतंय. त्या टेबलावर चहाचे कागदी पेले ठेवलेत. दोन पेले रुंद तोंडाला तोंड लावून चिकटवलेत, दुसरे दोन बुडाला बूड लावून. शेजारी दोन लांब काठ्या समांतर ठेवल्यात, हे आपले रूळ, आणि पेल्यांच्या जोड्या म्हणजे चाकं. एक जोडी शेवटपर्यंत जाईल, दुसरी मध्येच पडेल. कुठली, ते मी सांगणार नाही. मुलांना पुढे येऊ द्या, आणि मागच्या रांगेतले काका, तुम्हीही या. मघापासून तुमची मान तिकडेच वळलेली आहे.