कोठीपोटातली पंगत

[दृश्य : पहाट. नागपूरजवळच्या गावातला गोठा. बसल्या जागी रवंथ करणारी म्हैस.]

ही नागपुरी म्हैस. तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली शिंगं ही तिची ओळख. रात्री तिच्या पुढ्यात सोयाबीनचं कुटार पडलं होतं. ते आपल्या पोटात गेलं तर बहुतेक जसंच्या तसं बाहेर पडेल. तिचं मात्र त्यावर दूध होतं.

खरं तर कुटार तिलाही पचत नाही. ते पचवतात तिच्या कोठीपोटातले जीव.

[दृश्य : म्हशीची डावी कूस, श्वासाबरोबर हलणारी.]

कोठीपोट इथे, डाव्या कुशीत. पोटाच्या चार कप्प्यांतला हा सर्वांत मोठा. आत काळोख, प्राणवायू जवळजवळ नाही, आणि ३९ अंशांच्या आसपासची ऊब. तिथल्या रसाच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. ते चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती थेट रक्तात उतरतात. म्हशीची बहुतेक ताकद त्यांचीच.

पण आंबताना हायड्रोजनही सुटतो. तो साचत गेला तर आंबणंच मंदावतं. तो उचलतात आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं; हे वेगळेपण कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये मिथेन बनवणाऱ्या जीवांवरूनच दाखवलं. हायड्रोजनचे ४ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा १, यांपासून मिथेनचा १ रेणू होतो. कोठीपोट चालू राहतं आणि वायू ढेकरावाटे बाहेर पडतो. हो, तोंडातूनच, मागून जातो तो अगदी थोडा.

१०० वर्षांच्या हिशेबात हा वायू, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट पृथ्वी तापवतो. पण हवेत टिकतो साधारण १२ वर्षं. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. आणि चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के या ढेकरांतच जाते. ढेप विकत आणणाऱ्याला हा आकडा लागायलाच हवा.

यात म्हशीला दोष देणं मला पटत नाही. नुसत्या कोरड्या कुटारावर ठेवलेलं जनावर दूध कमी देतं, त्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त पडतो. बरसीम, लसूणघास, थोडी सरकीची ढेप मिळाली की दूध वाढतं आणि तेवढ्याच दुधामागचा वायू घटतो. दाणा एकदम वाढवायचा नाही, हेही तितकंच खरं. कोठीपोटात आम्ल वाढून जनावर आजारी पडतं. राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच आहे. आहार बेतायचं हे ज्ञान तिथून या गोठ्यापर्यंत पोचायला किती अंतर आहे?

[दृश्य : गोठ्याचा कोपरा. लहान वगारू.]

याचं कोठीपोट अजून इवलंसं आहे. दूध त्याला वळसा घालून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. पण आईच्या चाटण्यातून, तिच्या लाळेतून, गोठ्यातल्या काडीकचऱ्यातून ते सगळे जीव त्याच्या पोटी वस्तीला येत आहेत.

आज त्यानं पहिल्यांदाच कुटाराची काडी तोंडात धरली आहे.