दहा हजार तास आणि साडेचार सेंटिमीटर

(दृश्य: व्हायोलिनची मान, डाव्या हाताची बोटं अगदी जवळून)

हा हात पहिल्या पोझिशनवरून, म्हणजे मानेवरच्या हाताच्या पहिल्या जागेवरून, तिसऱ्या पोझिशनवर चाललाय. अंतर जेमतेम साडेचार सेंटिमीटर. व्हायोलिनला गिटारसारखे पडदे नसतात. बोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे पडलं, तरी सूर कणसूर होतो.

ऐका. चढा लागला. पुन्हा... पुन्हा चढाच.

आता अंगठ्याकडे बघा. मानेला गच्च आवळून बसलाय. हात आधी अडकतो, मग झटक्यानं सुटतो आणि जागा ओलांडून पुढे जातो. हे न पाहता तोच तुकडा शंभरदा वाजवला, तर शंभरदा चूकच पक्की होते.

(दृश्य: मेट्रोनोम, मग पुन्हा हात)

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, पन्नासवर: मिनिटाला पन्नास ठोके. एका सुराला दोन ठोके. अंगठा सैल. दुसरा ठोका सरता सरता बोटाचा दाब उतरवायचा, तारेला नुसता स्पर्श राहू द्यायचा, हात कोपरापासून सरकवायचा आणि पोचल्यावरच पुन्हा दाब द्यायचा. तेवढ्या क्षणापुरता गज हलका करायचा, नाहीतर घसरण ऐकू येते. सलग पाच वेळा जमलं, की चार ठोके वाढवायचे. चौथ्या वेळी चुकलं? मोजणी पुन्हा एकपासून.

जागा नेमकी लागली की नाही, हे वाद्यच सांगतं. ‘ए’ सुराच्या तारेवर वरचा ‘डी’ सूर बरोबर लागला, की शेजारची मोकळी डी तार कुणी न छेडताच थरथरते. ही पाहा.

(दृश्य: थरथरणारी तार)

दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो, असं म्हणतात. ज्या तासांची एवढी चर्चा झाली, ते तास असे दिसतात.

1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा सर्वोत्तम, दहा चांगले आणि दहा संगीतशिक्षक होऊ पाहणारे. मोजला तो एकट्यानं केलेला सराव. शिकवणी, वाद्यवृंद, मैफल हे त्यात धरलं नाही. अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी निघाली ती अशी: सर्वोत्तमांची 7,410 तास, चांगल्यांची 5,301, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची 3,420. विसाव्या वर्षी पहिल्या गटाची सरासरी दहा हजारांच्या पुढे गेली.

सरासरी, बरं का. त्या दहांपैकी निम्मे तोवर दहा हजारांपर्यंत पोचलेही नव्हते.

(दृश्य: दुपार, बंद व्हायोलिनपेटी, खिडकीचा पडदा ओढलेला)

विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोजनिशी लिहिली होती. वरच्या दोन्ही गटांचा एकट्याचा सराव आठवड्याला सुमारे चोवीस तास, तिसऱ्या गटाचा नऊ. बराचसा सकाळी, तासा-दीड तासाच्या बैठकीत. मग विश्रांती, आणि दुपारची झोपही. थकल्या कानाला कणसूर कळत नाही. त्यामुळे ती झोपसुद्धा सरावाच्या हिशेबात धरायला हवी, असं आम्हाला वाटतं.

2008 मध्ये लेखक माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकानं हा आकडा घराघरांत नेला. सरासरीचा नियम झाला. बीटल्स या इंग्लिश बँडनं प्रसिद्धीआधी जर्मनीतल्या हँबर्गच्या क्लबांत वाजवलेल्या रात्रीही त्याच खात्यात जमा झाल्या. एरिक्सन यांचा आक्षेप नेमका इथं होता: प्रेक्षकांसमोर वाजवणं आणि जाणीवपूर्वक सराव करणं ही दोन वेगळी कामं. रंगमंचावर हात चुकला तर थांबून अंगठा कोण तपासणार?

ग्लॅडवेल यांचं मूळ म्हणणं मात्र या गोंगाटात हरवलं. एवढे तास मिळतात कुणाला, हा त्यांचा खरा प्रश्न होता. 1968 मध्ये शाळेत संगणकाचं टर्मिनल असलेल्या बिल गेट्सला ते मिळाले.

2019 मध्ये व्हायोलिनचा तो अभ्यास पुन्हा केला गेला, तेव्हा सर्वोत्तम आणि चांगले यांच्या तासांत तसा फरक सापडला नाही.

(दृश्य: पुन्हा हात. मेट्रोनोम चोपन्नवर)

अंगठा सैल आहे. एक. दोन. तीन...

चौथ्याला कणसूर.

पुन्हा एक.

(आवाज: फक्त मेट्रोनोम)