मैत्रिणींना जागा कुठे मिळते?

सगळ्यांना नमस्कार. माझी ओळख 'ज्येष्ठ अभ्यासक' अशी करून दिली गेली. कॉलेजात इतिहास शिकवत होते तोवर मी नुसती 'मॅडम' होते. निवृत्त झाल्याबरोबर अभ्यासक झाले आणि केस रंगवणं सोडलं तशी ज्येष्ठ. असो. पत्रिकेवर विषय छापलाय, 'भिंती ओलांडणारी तरुणींची मैत्री : एकोणिसाव्या शतकाचे धडे'. त्यातले धडे संयोजकांचे आहेत. मला आधी एक जुनं गाऱ्हाणं मांडायचंय आणि मग माझं एक लाडकं म्हणणं. वेळ भरपूर आहे, पाऊण तास दिलाय.

गाऱ्हाणं असं. जानेवारी उजाडला की आमच्यासारख्यांना मागणी येते. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती. एका ठिकाणी गेले होते. नाव सांगत नाही, माणसं भली होती. मंचामागे भला थोरला फलक. त्यावर सावित्रीबाई आणि त्यांच्या शाळेच्या कामातली सोबतीण फातिमा शेख हातात हात घालून हसताहेत. चित्र एआयकडून काढून घेतलेलं. दोघींचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले, आणि फातिमाच्या डाव्या हाताला सहा बोटं. मी कार्यकर्त्याला म्हटलं, "बाळा, बोटं मोज जरा." त्यानं मोजली आणि म्हणाला, "मॅडम, सहावं एकतेचं." (हशा)

पोरगा हजरजबाबी होता, मी त्याला तिथल्या तिथे माफ करून टाकलं. माझं भांडण बोटांशी नव्हतंच. खाली लिहिलं होतं 'एकतेचे प्रतीक', भांडण त्याच्याशी. दोन जिवंत बायकांना एकदा प्रतीक करून टाकलं की पुढे कुणी काही विचारत नाही. दोघी काय बोलत असतील, कोण कुणावर वैतागत असेल, एक आजारी पडली तर तिचा वर्ग कोण घेत असेल? प्रतीकाला ताप येत नाही. पुरुषांच्या मैत्रीचं आपण असं करतो का? टिळक आणि आगरकर घ्या. डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, तिथे रात्र-रात्र घातलेले वाद, पुढे पडलेली फूट, सगळं शाळेतल्या पोराला पाठ असतं. त्यांना कुणी हातात हात घालून फलकावर उभं करत नाही. त्यांना भांडायची मुभा आहे. बायकांनी मात्र हसायचं, तेही दात दाखवून.

आता तुम्हाला जरा फिलाडेल्फियाला नेते. हा किस्सा माझ्या विद्यार्थिनींनी इतक्यांदा ऐकलाय की त्यातल्या दोघी मागे बसून आत्ताच हसायला लागल्यात. हसा.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर ८ मार्चला एक फोटो येतो. तीन तरुण बायका ओळीनं बसलेल्या. एक साडीत, मधली किमोनोत, तिसरीच्या डोक्यावर दागिन्यांनी मढलेला शिरपेच. साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी. मधली जपानची केई ओकामी. तिसरी दमास्कसची सबात इस्लांबूली, ज्यू घरातली म्हणून ओळखली जाते. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या या विद्यार्थिनी, आणि तारीख १० ऑक्टोबर १८८५. सोबत मजकूर असतो, 'तीन देश, तीन धर्म, तीन मैत्रिणी'. वर हात जोडलेले इमोजी.

मी हा फोटो मोठा करून तासन् तास पाहिलाय. खाली हातानं नावं लिहिलीयत. तिघींच्या नावाआधी 'डॉक्टर' आहे, आणि त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती. आनंदीबाईंच्या गावाच्या जागी कल्याण नाही, पुणे नाही. नवरा गोपाळराव पोस्टात होते, बदलीनं बंगालमधल्या सेरामपूरला गेले होते, म्हणून सेरामपूर लिहिलंय आणि त्याचंही स्पेलिंग पार बिघडवलंय. सबातच्या नावाचं पहिलं अक्षरच वेगळं पडलंय, 'स'चा 'ट' झालाय. ज्यानं कुणी लिहिलं त्याला या पोरी 'परदेशच्या' आहेत एवढं पुरेसं होतं. तिघींना आपापल्या देशाच्या पोशाखात बसवलंय ते उगीच नाही. आमच्याकडे बघा कुठून कुठून मुली येतात, हे जगाला दाखवायचं होतं. वाईट हेतू नव्हता, पण तोही एक फलकच. १८८५ सालचा. बोटं तेवढी बरोबर.

आणि मैत्रिणी म्हणाल तर जरा वर्षं बघा. आनंदीबाई शेवटच्या वर्षाला, त्यांना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला. ओकामीची पदवी १८८९ ची आणि इस्लांबूलीची १८९० ची. म्हणजे एक सीनियर, परीक्षा डोक्यावर, तब्येत ढासळत चाललेली, आणि दोघी अजून सुरुवातीलाच. आपल्याकडच्या मेडिकलच्या पोरींना विचारा, फायनलच्या मुलीला नव्यांची नावं तरी आठवतात का. ओळखपाळख होती, एकत्र बसल्याही होत्या, ते समोर दिसतंच. पण एका खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवली की मैत्री झाली असं आपण धरतो, तिथे मी अडते. आपल्या सगळ्या सलोखा-संमेलनांचा पाया हाच आहे ना! खुर्च्या शेजारी-शेजारी लावायच्या.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही तुम्हाला. आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. ओकामी टोकियोला एका मोठ्या इस्पितळात स्त्रीरोग विभाग सांभाळत होती. बाई डॉक्टर म्हणून सम्राटानं तिची भेट नाकारली, तेव्हा तिनं राजीनामा दिला आणि घरी स्वतःचा दवाखाना थाटला. सबात दमास्कसला परतली, पुढे कैरोला गेली. दोघी वारल्या त्या एकाच वर्षी, १९४१ मध्ये.

मग फिलाडेल्फियात मैत्रीचं काहीच घडलं नाही का? घडलं, पण त्या फोटोत नाही. पदवीदान समारंभाला एक पाहुणी आली होती, पंडिता रमाबाई. डीन रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून इंग्लंडहून समुद्र ओलांडून, छोट्या मनोरमेला बरोबर घेऊन. आनंदीबाईंची ही नात्यातलीच. एक सत्तावीस वर्षांची, दुसरीला एकवीस पुरी व्हायला थोडे दिवस. आनंदीबाईंनी निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. त्याच वर्षी, १८८३ मध्ये, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पुण्यात काय वादळ उठलं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

भिंत म्हटलं की आपण दोन्ही बाजूंना परके धरतो. इथे एकाच जातीतल्या, एकाच नात्यागोत्यातल्या, एकाच भाषेत बोलणाऱ्या दोघी आणि मध्ये भिंत. दमास्कसच्या पोरीपाशी आनंदीबाईंना काही सिद्ध करायचं नव्हतं, रमाबाईंपाशी होतं. पुण्याच्या वाड्यात या दोघींना एका पंगतीला बसता आलं असतं? ख्रिस्ती झालेली बाई ओसरीवर आणि ही आत. फिलाडेल्फियात ओसरीच नव्हती. हे ध्यानात ठेवा, शेवटी मला लागणार आहे.

मला तारखांचा नाद आहे, एक मिनिट घेते. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंची पदवी. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंचं शारदा सदन, विधवांना ठेवून घेऊन शिकवणारी संस्था, मुंबईत उघडलं. ११ मार्च १८९३ ला त्याच सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न लागलं. माझा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही, पण ११ मार्चला मी नवं काम हातात घेते. आणि फोटोची तारीख काय होती? १० ऑक्टोबर. त्याच्या आधी एकोणतीस वर्षं, १० ऑक्टोबर १८५६ ला, नायगावहून एक पत्र निघालंय.

सावित्रीबाईंचं ते पत्र, जोतीरावांना. वय पंचवीस. आजारी होऊन माहेरी आलेल्या. पत्राचा बराचसा भाग भावाशी झालेल्या वादाचा आहे. भाऊ म्हणतो, महारामांगांसाठी तुम्ही दोघं जे करता त्यानं कुळाला बट्टा लागतोय. आणि या त्याला उत्तर देताहेत. त्या सगळ्यात जाता-जाता एक वाक्य येतं की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

बास. एवढंच. कार्यक्रमात मी हे वाक्य सांगते तेव्हा लोक पुढच्याची वाट बघत थांबतात. पुढे काही नाही. पण बघा तरी त्यात काय-काय आहे. माझ्या गैरहजेरीत कामाचा बोजा कुणावर पडलाय ते मला माहीत आहे. ती बोलणार नाही हेही माहीत आहे. आणि ती बोलणार नाही म्हणून मीच बोलून ठेवते. ज्या बाईबरोबर रोज काम केलंय तिच्याबद्दलच असं लिहिता येतं. धर्माचा उल्लेख नाही, एकतेचा नाही, हातात हात नाही. त्या फलकाखाली हे वाक्य छापा, मी बोटांबद्दल चकार शब्द काढणार नाही.

या दोघी भेटल्या कुठे? १८४९ साली फुले दांपत्याला वडिलांचं घर सोडावं लागलं आणि आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरी. फातिमा त्यांची बहीण. म्हणजे ही मैत्री एका छपराखाली वाढली. आता याच्या उलट घर बघा, तेही पुण्यातलंच. १८८२ च्या सुमाराला रमाबाई रानडे, वय जेमतेम एकोणीस-वीस, मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाईंकडून इंग्रजी शिकत होत्या. नवरा न्यायाधीश, सुधारक, शिकवणी त्यांनीच लावलेली. तरी बाई जाऊन शिकवणी संपली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावू देत नसत. पंडिता रमाबाईंच्या सभांना जातात म्हणून बोलणी खावी लागत ती वेगळीच. न्यायमूर्तींचं राज्य दिवाणखान्यापर्यंत. आत—

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. बघा, आणि मी अजून मुद्द्यावर यायचीय. ठीक आहे, भराभर सांगते.

माझं म्हणणं इतकंच आहे की मुलांना कट्टा असतो, मुलींना नसतो. दोन मुलगे वीस-वीस वर्षं जिवलग असतात आणि एकमेकांचं स्वयंपाकघर त्यांनी पाहिलेलं नसतं. गरजच पडत नाही. कट्ट्यावर जात-धर्म असतो, नाही असं नाही, पण तो बाहेर उभा असतो. मुलगी कुठे गेली की घरात पहिला प्रश्न, "कुठे गेली होतीस?" अमकीकडे. "कोण अमकी? आडनाव काय?" झालं, दोन वाक्यांत आडनाव आलं. मुलींची मैत्री पहिल्या आठवड्यातच कुणाच्या तरी घरात जाते, आणि देवघर, सोवळं, कोण काय खातं, कोण काय शिवतं, हे सगळं घरातच राहतं. त्यामुळे मुलाला जी भिंत लग्नाच्या वेळी लागते ती मुलीला मैत्रीच्या वेळीच लागते. मुलींची मनं कोती असतात असं जे म्हणतात ना, त्यांनी आधी त्यांना बसायला जागा किती दिली ते सांगावं.

म्हणून भिंतीपलीकडच्या ज्या मैत्र्या टिकलेल्या दिसतात त्या दोनच प्रकारच्या जागी. एक, जिथे कुणाच्याच घरची माणसं नाहीत, जसं फिलाडेल्फिया. किंवा सदनं, वसतिगृहं, नर्सिंगच्या शाळा. दुसरी, जे घर आधीच समाजानं वाळीत टाकलंय, ज्याला आता घालवायला काही उरलेलं नाही, जसं उस्मान शेखांचं. या दुसऱ्या प्रकारची घरं मागणी करून मिळत नाहीत. पहिल्या प्रकारची जागा सरकारला, संस्थांना, तुम्हा-आम्हाला बांधता येते.

नुसती जागा पुरत नाही, काम लागतं. शाळा चालवायचीय, शव फाडायचंय, परीक्षा द्यायचीय. एकमेकींना समजून घेण्याच्या कार्यशाळेत मुली एकमेकींशी अतिशय गोड वागतात आणि संध्याकाळी घरी जातात. काम असलं की चिडचिड होते, आणि चिडता आलं तरच दुसरी माणूस वाटायला लागते. लग्नानंतर या मैत्र्यांचं काय होतं, हा खरा मोठा विषय, तो आज राहिलाच. शारदा सदनाचं १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात काय झालं, घरच्यांनी मुली कशा काढून नेल्या, तेही सांगायचं होतं. पालकांनी मुली नेल्या म्हणजे कुणाच्या तरी मैत्रिणीही नेल्या, आणि त्याची नोंद कुठल्याच समितीच्या अहवालात होत नसते. पुढच्या वेळी.

शेवटचं. समोर दोन-तीन वसतिगृहांच्या रेक्टरबाई बसल्यात असं कळलंय. आडनावं बघून खोलीच्या जोड्या लावणाऱ्या रेक्टर मी पाहिल्यात. कारण काय, तर "मुलींना ॲडजस्ट व्हायला सोपं जातं." बाई, सोपं जाऊ देऊ नका. चिठ्ठ्या टाका. मग पहिल्याच महिन्यात दोघी दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, नमाजाची वेळ आणि हिच्या मोबाइलवरची गाणी, यावरून तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील. येऊ द्या. अर्ज ठेवून घ्या, खोली बदलून देऊ नका आणि मुख्य म्हणजे कुणाच्याही आईला फोन लावू नका. सहामाही होईपर्यंत तो अर्ज तुमच्या टेबलाच्या खणात राहू दे.

प्रश्न असतील तर बाहेर जिन्यापाशी भेटा, हॉलवाले दादा कुलूप घेऊन दारात उभे आहेत.