पुस्तकात नव्हतं, मुलाखतीत होतं

श्रोतेहो, नमस्कार.

‘हॅरी पॉटर’चा सातवा आणि शेवटचा भाग २००७ च्या जुलैत आला. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकीनं विचारलं, हॅरीच्या जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर कधी कुणाच्या प्रेमात पडले होते का? लेखिका जे. के. रोलिंग म्हणाल्या, माझ्या मनातले डंबलडोर पहिल्यापासून समलिंगीच आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. सातही भाग चाळा, तसं स्पष्ट कुठंच नाही. शेवटच्या भागात ग्रिंडेलवाल्ड या दुसऱ्या जादूगाराशी तरुणपणीची झपाटलेली दोस्ती आहे, तेवढीच. मग समलिंगी वाचकाला त्या कादंबरीत जागा मिळाली का? मला विचाराल तर नाही. त्याला मिळाली ती बातमी.

आपल्या सांगलीला हे पटायला जड जाऊ नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर इथलेच. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनचं नाव एकदाही येत नाही; सगळा मामला विराटाच्या वाड्यातला. तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे आपला देश, सबुरीनं घ्या म्हणणारा धर्मराज मवाळ आणि दातओठ खाणारा भीम जहाल, हे पिटातल्या माणसालाही उमगत होतं. सरकारलाही उमगलं. १९१० मध्ये बंदी आली! नाटककारानं मागाहून खुलासा करायची वेळच आली नाही, कारण सगळं संवादांतच होतं.

कुणी म्हणेल, उघड लिहिणं प्रत्येकाला परवडतं का? नाही परवडत. घरचे आहेत, प्रकाशक आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. अशा लेखकानं पुढं कधी मन मोकळं केलं, तर मी त्याचं पुस्तक पुन्हा काढून वाचेन, आणि दबून राहिलेलं एखादं वाक्य तेव्हा बोलकं होईलही. पण ते वाक्य तिथं असायला तर हवं. शिवाय आपल्याकडं तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली. मुलीवर प्रेम करणारी मुलगी, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. तिच्याबद्दल नंतर वेगळं काही सांगायचं उरलंच नव्हतं.

आणि आपले वाटेगावचे अण्णा भाऊ. १९५९ ची ‘फकिरा’ डोळ्यांपुढं आणा. त्यातून मांगवाडा काढून टाका, नुसता एक शूर बंडखोर ठेवा, आणि समजा अण्णा भाऊंनी दहा वर्षांनी एखाद्या व्याख्यानात सांगितलं असतं, की तो मांग होता बरं का. गावकुसाबाहेरच्या पोरानं ती कादंबरी उराशी धरली असती का?