मोटरहोम तीसवर, गाडी पन्नासवर

[दृश्य: ॲरिझोना. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. ट्रेलर व्हिलेज कॅम्पग्राउंड, संध्याकाळ. झाडांखाली ओळीने उभी मोटरहोम्स.]

मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, वीजवायर ड्रायव्हरच्या बाजूने, मागच्या चाकाजवळून निघते. म्हणून प्रत्येक जागेला वीज देणारा खांबही त्याच बाजूला. कमरेएवढा, पत्र्याचा. झाकण उचललं की आत सॉकेट आणि प्रत्येकाचा आपापला ब्रेकर. दिवसभर दरीच्या काठाने हिंडलेली विजेची गाडी रात्री याच खांबाला जोडायची, आणि मोटरहोमही इथंच. एका दावणीला दोन जनावरं. तेव्हा दावण किती ताण सोसते, ते आधी बघायला हवं.

पण त्याआधीचा प्रश्न, खांब आहे का? इथून हाकेच्या अंतरावर माथर कॅम्पग्राउंड आहे, तिथे जागांवर वीज नाही. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये अशी जोडणी नाही. यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिजला मिळते. नकाशावर तंबूचं चिन्ह दिसलं म्हणजे वीज असेल, असं धरून चालता येत नाही. गाडीचं चार्जिंग ठरतं ते बुकिंगच्या पानावर, काही महिने आधी.

[दृश्य: खांबाचं झाकण उघडतं. कॅमेरा एकेका सॉकेटवर.]

खांबावर सहसा तीन सॉकेट असतात. सगळ्यात साधं २० अँपिअरचं, १२० व्होल्टचं. मधलं ३० अँपिअरचं, त्याचं नाव टीटी-३०. टीटी म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आणि तिसरं चार भोकांचं, १४-५० नावाचं, ५० अँपिअरचं. यात फेजच्या दोन तारा, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंग असते. फेज ते न्यूट्रल १२० व्होल्ट, आणि दोन्ही फेजच्या मध्ये २४०.

फसायला होतं ते मधल्या सॉकेटशी. तीस अँपिअर वाचून वाटतं, पन्नासच्या निम्म्याहून जास्त वीज मिळेल. तशी मिळत नाही, कारण टीटी-३० फक्त १२० व्होल्टचं आहे. शिवाय तासन्‌तास सलग चालणाऱ्या भारासाठी अमेरिकेत ब्रेकरच्या ८० टक्केच वीज घ्यायचा नियम आहे. म्हणजे तीसवर २४ अँपिअर, गुणिले १२०. झाले २.९ किलोवॉट. आपल्याकडे घरात गीझरसाठी जो १५ अँपिअरचा पॉइंट असतो, तोही २३० व्होल्टवर याहून थोडी जास्तच वीज देतो. वीसच्या सॉकेटवर १६ अँपिअर, म्हणजे १.९ किलोवॉट. पन्नासवर नियमाने ४० अँपिअर घेता येतात, पण गाडीबरोबर ठेवायचे बरेचसे चार्जर ३२ वरच थांबतात. तरीही ते ७.७ किलोवॉट होतात.

आता हे रात्रीच्या हिशेबात बसवू. दहा तासांचा मुक्काम, आणि एका युनिटला साधारण सहा किलोमीटर जाणारी गाडी. खांबातून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. चार्जिंग चालू असताना गाडीची इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप जागे असतात, त्यांचा खर्च ठरलेला. म्हणून चार्जिंग जितकं मंद, तितका वाया जाणारा वाटा मोठा. वीसच्या सॉकेटवर सकाळी साधारण नव्वद किलोमीटर हाती लागतात. तीसवर दीडशेच्या आसपास. पन्नासवर बहुतेक गाड्यांची बॅटरी भरून जाते. इथून फ्लॅगस्टाफ सुमारे १३० किलोमीटर आहे. रिकामी गाडी तीसवर रात्रभर ठेवली तर ती फ्लॅगस्टाफला पोचेल, पण जेमतेम, आणि थंडीत त्याचीही खात्री देता येत नाही.

[दृश्य: क्लास सी मोटरहोम, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. त्याची जाड वायर तीसच्या सॉकेटमध्ये जाते.]

इथेच सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं मोटरहोम म्हणजे क्लास सी. भारतातून आई-बाबा आले की भाड्याने घेतलं जातं ते बहुधा हेच. यातल्या बहुतेकांना तीस अँपिअरचीच जोडणी लागते. म्हणून जागा तीसची घेतली जाते, थोडे पैसे वाचतात, आणि गाडीला उरतं वीसचं सॉकेट. त्याऐवजी पन्नासची जागा घ्यावी. मोटरहोम तीसवर, गाडी पन्नासवर. मात्र बुकिंग करताना दोन प्रश्न विचारायचे: खांबावर दोन्ही सॉकेट आहेत का, आणि गाडी चार्ज केलेली चालते का. काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात, काही ठिकाणी साफ मनाई असते. न विचारता लावलेली गाडी मध्यरात्री काढायला लागणं, तेही पायजम्यात, हे परवडत नाही.

मोटरहोम बसएवढं, क्लास ए असेल तर पन्नास त्यालाच लागतं. मग गाडी तीसवर. आणि इथे अडॅप्टरचा प्रश्न येतो. थोडं थांबून समजून घेऊ.

[दृश्य: टेबलावर दोन अडॅप्टर. बाहेरून हुबेहूब सारखे.]

हे दोन्ही टीटी-३० मधून चार भोकांचं सॉकेट काढून देतात. डावा मोटरहोमच्या दुकानात मिळतो. तो एकच फेज घेऊन तिच्या दोन फांद्या करतो आणि चार भोकांतल्या दोन्ही फेजच्या भोकांना देतो. मोठ्या मोटरहोमची १२० ची उपकरणं त्यावर चालतात. गाडीचा चार्जर मात्र त्या दोन भोकांमधला फरक बघतो, आणि एकाच तारेच्या दोन टोकांत फरक शून्य. चार्जर मेल्यासारखा पडून राहतो, माणूस खांबाला दोष देतो.

उजवा अडॅप्टर खास विजेच्या गाडीसाठी बनवलेला आहे. तो एका भोकाला फेज देतो, दुसऱ्याला न्यूट्रल. चार्जरला १२० मिळतात आणि काम सुरू होतं. पण हाच अडॅप्टर चुकून मोटरहोमला लावला तर आतली उपकरणं न्यूट्रलशिवाय एकमेकांच्या मालिकेत येतात, त्यांना अपुरे व्होल्ट मिळतात आणि काहीतरी बिघडू शकतं. दोन्ही एका पिशवीत ठेवायचे असतील तर गाडीच्या अडॅप्टरला रंगीत टेप गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात 'फक्त गाडी' लिहा.

आणखी एक. चार्जरला पुढे चार भोकांचं सॉकेट दिसतं, म्हणून तो ते पन्नासचं समजून ३२ अँपिअर ओढू लागतो. तीसचा ब्रेकर काही वेळाने पडतो. त्यामुळे गाडीच्या स्क्रीनवर करंट आधी हाताने २४ वर आणायचा, मग चार्जिंग सुरू करायचं. रात्री वीज जाऊन आली तर काही गाड्या पुन्हा मूळ आकड्यावर जातात, तेही एकदा तपासून घ्यावं.

[दृश्य: मल्टिमीटरच्या सळया सॉकेटमध्ये.]

लावण्याआधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. पन्नासच्या सॉकेटमध्ये फेज ते फेज २४० च्या जवळ, प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२० च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थिंग जवळजवळ शून्य. काही कॅम्पग्राउंडला तीन फेजची लाइन असते, तिथे २४० ऐवजी २०८ दिसतात. तो दोष नाही, फक्त चार्जिंग थोडं हळू होतं.

खरा धोका सैल न्यूट्रलचा. न्यूट्रल तुटली की दोन फेजवरचा भार एकमेकांशी ओढाताण करतो. एकीवर १६० व्होल्ट चढतात, दुसरीवर ८० उरतात. टीव्ही, मायक्रोवेव्ह गेलेच. गाडीला २४० वर न्यूट्रल लागतच नाही, ती खुशाल चार्ज होत राहते. म्हणून गाडी चार्ज झाली म्हणजे खांब ठीक, असा निष्कर्ष काढून मोटरहोम त्यावर लावायचं नाही.

[दृश्य: काळवंडलेला प्लग, जवळून.]

या खांबांचे सॉकेट रोज कुणीतरी लावतो, कुणीतरी ओढून काढतो. आतली पकड ढिली होते, आणि ढिल्या जोडावर उष्णता साठते. मोटरहोमचा एसी थांबत-थांबत चालतो, जोडाला मध्ये निवायला वेळ मिळतो. गाडी आठ-दहा तास अखंड ओढते. म्हणून मोटरहोमला चाललेलं सॉकेट गाडीला चालेलच असं नाही. प्लग घट्ट बसायला हवा, हाताने हलवून बघा. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच करंट कमी करा. ३२ वरून २४ वर आलात तर जोडातली उष्णता जवळपास ४४ टक्क्यांनी घटते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

चांगल्या चार्जरच्या प्लगमध्येच तापमान बघणारा सेन्सर असतो. तो स्वतःच्या प्लगपुरतं बघतो. मध्ये अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन लावलं की खांबावरचा जोड त्याच्या नजरेआड जातो. एक्स्टेंशन लागलंच तर त्या अँपिअरसाठीच बनवलेली जाड वायर घ्या आणि पूर्ण उलगडून जमिनीवर पसरा. वेटोळं करून ठेवलेली वायर आतल्या आत शिजते.

वीसच्या सॉकेटवर वेगळीच कटकट. त्यात गळती पकडणारं सुरक्षा बटण असतं, आणि चार्जरमध्येही तशीच सोय. दोन राखणदार एकमेकांवर भुंकतात. काही बिघाड नसताना वीज तुटते आणि सकाळी गाडी रिकामीच सापडते.

[दृश्य: जुलैची दुपार. सगळ्या मोटरहोम्सचे एसी चालू.]

आता कॅम्पग्राउंडची बाजू. अमेरिकेच्या राष्ट्रीय वीजसंहितेत ३६ किंवा त्याहून जास्त जागा असतील तर सगळ्या जागांच्या एकूण भाराच्या ४१ टक्के धरून मुख्य तारा टाकायला मुभा आहे. सगळे एकाच वेळी पूर्ण वीज ओढणार नाहीत, हा त्यामागचा अनुभव. विजेच्या गाड्या हा अनुभव मोडतात. कडक उन्हात एसी आणि गाड्या एकदम चालू झाल्या की ओळीच्या शेवटच्या खांबावर १२० चे ११० होतात, कधी आणखी खाली. कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो. मोटरहोममध्ये संरक्षक यंत्र बसवलेलं असेल तर साधारण १०४ व्होल्टच्या खाली ते वीजच तोडतं. व्यवस्थापक गाड्यांवर चिडतात ते उगाच नाही. चार्जिंगची वेळ रात्री अकरानंतरची लावा. तेव्हा हवा गार असते, एसी थंडावलेले असतात आणि शेजाऱ्याचे दिवेही मिणमिणत नाहीत.

[दृश्य: वाळवंटात, खांब नसलेली जागा. मोटरहोमच्या छतावर सौर पॅनेल.]

खांबच नसेल तर? छतावरच्या पॅनेलकडे आशेने बघणारे बरेच असतात. बारा व्होल्टच्या, ४०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण पाच युनिट मावतात. इन्व्हर्टर आणि चार्जिंगचा तोटा जाता गाडीत चारच्या आत पडतात. वीस-पंचवीस किलोमीटर. गावात जाऊन दूध आणण्यापुरते, आणि रात्री मोटरहोममध्ये अंधार. जनरेटर चालतो, पण पेट्रोल जाळून विजेची गाडी भरणं हा उलटा कारभार, आणि कॅम्पग्राउंडमध्ये त्याला ठरावीक तासांचीच परवानगी असते. लहान, हातात उचलायच्या जनरेटरवर चार्जर बऱ्याचदा अर्थिंग सापडत नाही म्हणून नकार देतो. त्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेली नसते. त्यासाठी तयार जोडणीचा प्लग मिळतो, तोच वापरावा.

[दृश्य: हायवे. मोटरहोमच्या मागे ट्रेलरवर चढवलेली गाडी.]

गाडी मागे ओढत न्यायची असेल तर चारही चाकं रस्त्यावर ठेवून नाही. गाडीची चाकं फिरली की मोटर फिरते, आणि चुंबकाची मोटर फिरली की ती वीज बनवते, मालकाला नको असतानाही. टेस्ला म्हणते, गाडी पूर्ण उचलूनच न्या. निसान लीफसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचललेली हवीत. ट्रेलरवर चढवायची तर वजन मोजा. अठराशे किलोची गाडी आणि हजार किलोचा ट्रेलर मिळून २,८०० होतात, तर बऱ्याच क्लास सीची ओढायची मर्यादा आहे २,२७० किलोच्या आसपास. भाड्याच्या मोटरहोमला मागे काही जोडायला करारातच मनाई असू शकते. तिथे एकाने गाडी मागून चालवत आणणं हाच मार्ग.

[दृश्य: सकाळ. खांबाशी एक माणूस वाकलेला.]

काढताना क्रम उलटा. आधी गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंग थांबवायचं, मग गाडीत खोचलेली चार्जरची बंदूक काढायची, खांबावरचा ब्रेकर खाली पाडायचा, आणि मगच प्लग ओढायचा. चालू भारावर ओढलेला प्लग ठिणगी टाकतो आणि पुढच्या माणसासाठी सॉकेट जळकं ठेवतो. पिनांवरून बोट फिरवा. काळा डाग किंवा वितळलेली कड दिसली तर ऑफिसात सांगा आणि तो अडॅप्टर पुन्हा वापरू नका. मग वायर, मग अडॅप्टर पिशवीत. झाकण लावण्याआधी एकदा आत बघा, कारण अडॅप्टर राहून जातो तो इथेच, आणि पुढचं दुकान सहसा शंभर किलोमीटरवर असतं.