नोटिशीतला ‘च’
(ठाण्यातल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय, ‘अनुमानाचे नियम वापरून सिद्धता कशी रचावी’. तिथे पोचूच. घोडबंदर रोडवरून इथवर पोचायला मला सव्वा तास लागला, त्या मानाने सिद्धता जवळ आहे.

आधी पार्किंगबद्दल बोलतो. आमच्या सोसायटीत गाड्या जास्त, जागा कमी. गेल्या वर्षी लिफ्टशेजारी नोटीस लागली: ‘थकबाकी नसलेल्यांनाच पार्किंग दिले जाईल.’ माझे सात महिन्यांचे मेंटेनन्स थकलेले. दुसऱ्या दिवशी चेक दिला, पावती घेतली, ती शर्टाच्या खिशात ठेवून सेक्रेटरींसमोर उभा राहिलो. म्हटलं, “थकबाकी शून्य. कुठला नंबर?” पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. शांतपणे म्हणाला, “सर, ‘नाच’ वाचा ना.” मला आधी वाटलं, नाचायला सांगतोय. मग नोटिशीवर बोट ठेवून म्हणाला, “नसलेल्यांना नाही, नसलेल्यांनाच. पैसे भरले म्हणजे तुम्ही रांगेत आलात. जागा मिळाली असं कुठे लिहिलंय?”

एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं मी! उत्तरांग-स्वीकाराचा दोष, म्हणजे ‘जर-तर’मधला ‘तर’चा भाग खरा म्हणून ‘जर’चा भागही खरा धरणं, म्हणून मुलांचे गुण कापले. आणि लिफ्टशेजारी उभा राहून तोच केला.

बघा काय झालं. ‘खातं साफ असेल तर पार्किंग मिळेल’ यात बाण खात्याकडून पार्किंगकडे जातो. ‘तरच’ म्हटलं की बाण उलटा: पार्किंग मिळालं असेल तर खातं साफ आहे. एका अक्षराने बाण फिरतो. इतकं स्वस्त चिन्ह दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही, आणि आपण ते तोंडी लावल्यासारखं वापरतो.

आपल्या नैयायिकांनाही, म्हणजे प्राचीन न्यायशास्त्राच्या पंडितांनाही, हे पक्कं ठाऊक होतं. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ठीक. उलट फिरवलं की कोसळतं. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपणही लागतं. माझ्या पार्किंगला जसा रांगेतला नंबर.

सूड मात्र मी घेतला. म्हटलं, “फ्लॅट तीनशे दोनची थकबाकी आहे, तरी गाडी आत. मोडस टोलेन्स लावा! ‘तर’चा भाग खोटा, म्हणून ‘जर’चाही खोटा: खातं साफ नाही, म्हणून पार्किंग नाही.” त्यावर उत्तर आलं, “सर, ते कमिटीवर आहेत.” हा नियम माझ्या पुस्तकात नव्हता.

(घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं, आठ.)

तर सिद्धता, म्हणजे खऱ्या धरलेल्या विधानांपासून ओळीओळीने निष्कर्षापर्यंत जाणं. चार आधारविधानं घ्या. एक, गाडी आत असेल तर पार्किंग मिळालं आहे. दोन, पार्किंग मिळालं असेल तर खातं साफ आहे. तीन, खातं साफ नाही. चार, गाडी आत आहे किंवा रस्त्यावर आहे. निष्कर्ष: गाडी रस्त्यावर आहे. कमिटी बाजूला ठेवा.

मुलं वरून सुरू करतात, जो नियम दिसेल तो लावतात आणि बाराव्या ओळीवर रडकुंडीला येतात. सुरुवात खालून करा. ‘रस्त्यावर’ कुठे आहे? चौथ्या विधानात, ‘किंवा’च्या पलीकडे. ते सोडवायचं तर ‘गाडी आत नाही’ हवं. ते कुठून येईल? एक आणि दोन जोडले की मिळतं: गाडी आत असेल तर खातं साफ आहे. ही पाचवी ओळ. तिसरीत खातं साफ नाही म्हटलंय, म्हणून सहावी: गाडी आत नाही. चौथी आणि सहावी मिळून सातवी: रस्त्यावर. प्रत्येक ओळीपुढे कुठल्या ओळींवरून आणि कोणत्या नियमाने, हे लिहायचं. त्याशिवाय मी गुण देत नसे.

पाठ्यपुस्तकांतून चालत आलेले अनुमानाचे नऊ नियम आहेत, वर दहा अदलाबदलीचे, म्हणजे विधानाच्या जागी त्याच अर्थाचं दुसरं ठेवायचे. पाठ करायला लावतात म्हणून मुलं घाबरतात. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेर्हार्ड गेन्ट्झेनने 1930च्या दशकात वेगळी वाट काढली. माणूस प्रत्यक्ष जसा विचार करतो त्याच्या जवळची पद्धत त्याला हवी होती. पोलंडच्या यास्कोव्स्की या तर्कशास्त्रज्ञानेही त्याच सुमारास, 1934 साली, स्वतंत्रपणे तसंच केलं. त्यातली किल्ली एका शब्दात आहे: ‘समजा’. समजा, गाडी आत आहे. मग एकवरून पार्किंग मिळालं, दोनवरून खातं साफ. आता ‘समजा’ मिटवा आणि बाहेर लिहा: गाडी आत असेल तर खातं साफ. आपली पाचवी ओळ, जोडणीचा नियम न वापरता!

फक्त ‘समजा’च्या आतली ओळ, ते मिटवल्यावर, बाहेर वापरायची नाही. म्हणजे ‘खातं साफ आहे’ असं सुटं लिहिलंत तर ते चूक. तीनशे दोनवाले नेमकं तेच करतात.

हो, उठतोय. फळा पुसू नका, चहा घेऊन येतो; ‘किंवा’ फोडायची दोन ‘समजां’ची रीत दाखवायची राहिली आहे.