७० घरांतला निरोप

[पहाट. जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्यांची रांग.]

पांढरकवड्याजवळची ही जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. मागच्या हंगामातला डिसेंबर, पहाटेचे साडेपाच. रांग फाटकापासून निघते ती पार पुलाच्या पलीकडे जाते. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मधूनच एखादा छोटा हत्ती. काही कास्तकार आदल्या संध्याकाळपासून इथंच आहेत; ताडपत्रीखाली कापूस, आणि कापसावर अंग टाकून ते स्वतः. आवारात कापसाची गंजी लावायला जागा उरली नाही म्हणून दुपारीच वजनाचा काटा बंद झाला होता. गावागावांत ते कुणाला कळलंच नव्हतं.

[मुनीमजींच्या टेबलावरच्या दोन जाड वह्या.]

कास्तकारांचे नंबर होते. या दोन वह्या भरून होते. पण एकेकाला फोन लावत बसलं तर मुनीमजींनी वजनं कधी लिहायची? व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढून पाहिला. पण यातले बरेच फोन बटनाचे. त्यांच्यापर्यंत जातो तो साधा एसएमएसच.

[चौकटीची वही. पेन्सिल एकेका घरात अक्षर भरते आहे.]

सगळ्यांना एकदम मराठीत एसएमएस पाठवणारं साधन बनवायचं काम गावातल्याच एका भावाबहिणीनं अंगावर घेतलं. दोघंही अमरावतीला इंजिनिअरिंग शिकून आलेली. भाऊ लॅपटॉपवर बसला, बहीण ही गणिताची वही घेऊन बसली. वहीकडे नीट बघा. 'क्विंटल' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. तिनं घरं भरली सात. क, त्याचा पाय मोडणारं हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. फोन असंच मोजतो.

एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराचं ७ बिटांत भागतं, म्हणून त्या लिपीत १६० अक्षरं बसतात. देवनागरी जाते युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांत; तिथं प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणजे घरं फक्त ७०. एकाहत्तरावं घर भरलं की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पैसे दोन्हींचे लागतात. शिवाय तुकडे जोडण्याच्या खुणेला जागा जाते, मग एकेका तुकड्यात उरतात ६७.

मराठीच लिहा पण इंग्रजी अक्षरांत लिहा, दुपटीनं जागा मिळेल, असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला. दोघांनी तो मानला नाही. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. इंग्रजी अक्षरांतला 'काटा' कुणी कटा वाचेल, कुणी कट्टा. ज्याचा कापूस आहे त्याला निरोप त्याच्या लिपीत मिळायला हवा, आणि तो मिळावा यासाठी एक मुलगी महिनाभर वहीत घरं मोजत बसली.

[स्क्रीन. मुनीमजी एका बोटानं टाइप करताहेत.]

मुनीमजींचं म्हणणं सरळ होतं. "एवढं लांब कायले लिहितं बापा? बंद हाय, येऊ नका. झालं!" त्यातूनच हा मजकूर तयार झाला: 'उद्या काटा बंद. कापूस आणू नका.' टिंबं आणि मोकळ्या जागा धरून ३० घरं. उरलेल्या ४० घरांत जिनिंगचं नाव आणि परत काटा सुरू होण्याचा वार. कोपऱ्यातला तो आकडा बघा, अक्षरागणिक कमी होतोय. शून्याखाली गेला की लाल होतो.

पण हवा तो मजकूर हवा तेव्हा पाठवता येत नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक; त्याच्या २०१८ च्या नियमांनुसार धंद्याचं नाव, पाठवणाऱ्याची ओळख आणि मजकुराचा नमुना मोबाइल कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो. बदलणारा भाग, इथं वार, तेवढा मोकळा ठेवायचा. यांचा पहिलाच निरोप अडला तो एका टिंबासाठी. नोंदवलेल्या मजकुरात 'नका'नंतर टिंब होतं, पाठवताना ते राहिलं. एकाही फोनवर तो पोचला नाही. कारण शोधायला दोन रात्री गेल्या. फसवे मेसेज रोखायला हा नियम हवाच, पण गावातल्या दुकानदाराला तो मराठीत समजावून सांगणारं कुणी असू नये, हे फार खटकतं.

[विजेचा खांब. अंधारलेलं गाव.]

लाइट नाही, फोन बंद पडलेला. अशा वेळी निरोप हरवत नाही. कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाला की येतो. पण 'उद्या काटा बंद' हा निरोप उद्या मिळाला, तर परवाची बंडीही घरीच राहील. म्हणून प्रत्येक निरोपाला यांनी मुदत लावली. सकाळचे सहा वाजेपर्यंत पोचला नाही, तर तो तिथंच रद्द. शिळा निरोप कुणाच्या हाती पडत नाही.

या हंगामात फाटकाबाहेर रात्र काढणाऱ्या बंड्या कमी झाल्या. एका दूध संकलन केंद्रानं आणि दोन कृषी केंद्रांनीही हे साधन घेतलं.

[जिनिंगची खिडकी. वहीत अंगठा उमटतो.]

ज्यानं सही केली किंवा अंगठा दिला, त्याचाच नंबर यादीत जातो. नको म्हटलं की मुनीमजी त्याच्यासमोर नाव काढतात.

[संध्याकाळ. अंगणात भरलेली बंडी.]

आबाजींना वाचता येत नाही. अंगातल्या बंडीच्या खिशात फोन वाजतो, ते तो नातीकडे देतात. ती चौथीत आहे. अक्षराला अक्षर जोडत ती मोठ्यानं वाचते: "उद्या... काटा... बंद."

आबाजी बैल सोडतात. नात ताडपत्रीचं एक टोक धरते.